कथेतून ड्रॅगन काढून बघा

माझ्या पहिल्या फँटसी कथेत ड्रॅगन होता, शापित तलवार होती, आकाशात तीन चंद्र होते. मैत्रिणीने ती वाचली आणि एवढंच विचारलं, "ड्रॅगनच्या जागी पिसाळलेला बैल घातला तर काय बदलेल?" काहीच बदलणार नव्हतं. दोन दिवस मी तिच्याशी धड बोलले नाही. पण कथा फँटसी आहे की नाही हे ठरवायला आजही मी तिचाच प्रश्न वापरते. कथेतली अशक्य गोष्ट उचलून बाजूला ठेवा. तरीही कथानक सुरळीत चालत असेल, तर ती फँटसीचा पोशाख घातलेली साहसकथा समजा.

मग बघा, त्या अशक्य गोष्टीला कथा कशी वागवते. माणूस अदृश्य झाला आणि लेखकाने त्यामागे यंत्र किंवा रसायन उभं केलं, तर आपण विज्ञानकथेच्या हद्दीत आलो. तो खरंच अदृश्य झाला की बघणाऱ्याला भास झाला, हेच कळू दिलं नाही तर मामला वेगळा. त्झ्वेतान तोदोरोव्ह या समीक्षकाने १९७० साली या दोलायमान अवस्थेवरच आख्खं पुस्तक लिहिलं. फँटसीत सहसा ही शंका फार टिकत नाही. जादू आहे, बस्स. आणि शेवटी नायक झोपेतून जागा होणार असेल, तर वाचकाने इतका वेळ ठेवलेल्या विश्वासाचं काय करायचं? असल्या शेवटांचा मला मनापासून राग आहे.

सगळ्यात जास्त वेळ द्या तो जादूच्या नियमांना आणि किमतीला. माझ्या दुसऱ्या कथेची नायिका कुठलंही कुलूप नुसत्या स्पर्शाने उघडायची. मैत्रीण पुन्हा हजर : "मग चौथ्या प्रकरणात ही बंद दाराबाहेर रडत का बसलीय?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. आठवडाभर डोकं खाजवल्यावर नियम सापडला. एक कुलूप उघडलं की ओळखीच्या एका माणसाचा चेहरा ती कायमचा विसरते. चौथ्या प्रकरणापर्यंत तिच्याजवळ फक्त आईचा चेहरा उरलेला असतो. रडण्याचा प्रसंग एका अक्षरानेही बदलावा लागला नाही.

म्हणून कागदावर तीन गोष्टी लिहून काढा : ही जादू काय करू शकत नाही, ती वापरणाऱ्याचं काय जातं, आणि हे कुणाकुणाला ठाऊक आहे. सगळं वाचकाला सांगायची गरज नाही. अर्सुला ले ग्विन यांच्या १९६८च्या 'अ विझर्ड ऑफ अर्थसी' या कादंबरीत एखाद्याचं खरं नाव कळलं की त्याच्यावर सत्ता मिळते. एवढ्या एका नियमामुळे तिथे कुणी कुणाला आपलं खरं नाव सांगणं हाच केवढा मोठा प्रसंग होतो!

नकाशे, वंशावळी, बनवलेल्या भाषा हे सगळं असलं तर छान, नसलं तरी अडत नाही. वाचक या जगात शिरतो कसा, हे मात्र आधी ठरवा. समीक्षक फरा मेंडलसन यांनी २००८ साली याच मुद्द्यावर फँटसीचे चार प्रकार पाडले. दारातून पलीकडच्या जगात जाणं, पहिल्या ओळीपासून त्याच जगात असणं, आपल्या जगात अद्भुताने घुसणं, आणि चौथा उंबरठ्यावरचा, जिथे अद्भुत समोर असूनही पात्रांना त्याचं फारसं काही वाटत नाही. नवख्याने दारापासून सुरुवात करावी. पात्राबरोबर वाचकही प्रश्न विचारत जातो.

'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'चे लेखक टॉल्किन यांनी १९३९ च्या आपल्या व्याख्यानावरून लिहिलेल्या निबंधात हिरव्या सूर्याचं उदाहरण दिलं होतं. हिरवा सूर्य म्हणणं कुणालाही जमतं. तो जिथे खरा वाटेल असं जग उभं करायला कष्ट पडतात. हे वाचलं आणि मला माझे तीन चंद्र आठवले. कथेत समुद्रप्रवास होता, आणि भरती-ओहोटी मात्र एकाच चंद्राची! त्यातले दोन मी काढून टाकले. नव्या कथेत पुन्हा एक जादा चंद्र घेतला आहे, भरतीच्या वेळा नीट मांडून. तो पूर्ण दिसतो त्या रात्री कुलूप उघडलं तरी चेहरा जात नाही, आणि ती रात्र अजून अकरा दिवस लांब आहे.