बिल्डरला बोलावण्याआधी: आपल्या प्लॉटवर किती बांधता येतं?

पुनर्विकासाचा विषय निघाला की आमच्या कोथरूडच्या कमिटीत पहिला प्रश्न ठरलेला, 'आपल्याला एफएसआय किती?', म्हणजे प्लॉटच्या क्षेत्रफळाच्या किती पट बांधता येईल? मी नोकरीभर आर्किटेक्टच्या ऑफिसात नकाशे काढले. हा हिशेब घरी बसून होतो.

प्रॉपर्टी कार्ड, जुना मंजूर नकाशा आणि मोजणीचा नकाशा शेजारी ठेवा. तिन्हींतलं क्षेत्रफळ क्वचितच जुळतं. त्यातलं सगळ्यांत कमी तेच धरा, महापालिकाही तेच धरते. कन्व्हेयन्स, म्हणजे जमीन सोसायटीच्या नावावर होणं, झालं नसेल तर आधी त्याच्या मागे लागा.

मग रस्ता. खरी मेख इथे आहे. 2020 च्या यूडीसीपीआरप्रमाणे (राज्याची एकत्रित बांधकाम नियमावली) पुण्यात दाट वस्तीबाहेर मूळ एफएसआय 1.1. रस्ता 9 मीटरपेक्षा कमी असेल तर गाडी तिथेच थांबते, ना प्रीमियम (पैसे भरून मिळणारा जादा एफएसआय) ना टीडीआर (दुसऱ्या जागेचा विकत घेतलेला बांधकामाचा हक्क). 9 मीटर भरला की प्रीमियमचा 0.5 आणि टीडीआरचा 0.4 मिळून 2 पर्यंत जाता येतं. 12 मीटरला 2.25. त्यावर जिने, लॉबी, बाल्कनीसाठी 60 टक्के अ‍ॅन्सिलरी, म्हणजे जादाचं पूरक क्षेत्र, तेही पैसे भरून. म्हणजे 1000 चौरस मीटरच्या प्लॉटवर 6 मीटरच्या गल्लीत 1760 चौरस मीटर बांधकाम आणि 9 मीटरवर 3200. प्लॉट तेवढाच, घरं जवळपास दुप्पट! साडेआठ मीटरवाल्यालाही सहावाल्याच्याच रांगेत बसवणारा हा नियम मला आडमुठा वाटतो, पण आज तोच आहे.

कुंपणापासून कुंपणापर्यंत टेप धरून भांडू नका. विकास आराखड्यातली किंवा मंजूर लेआउटमधली रुंदी चालते, म्हणून झोन दाखला आणि भाग नकाशा मागवा. रस्तारुंदीची रेषा प्लॉटमधून जात असेल तर लगेच कपाळाला हात लावू नका. गेलेल्या पट्टीचा एफएसआय उरलेल्या जागेवर वापरता येतो.

आलेला आकडा मात्र कागदावरचा आहे. इमारत उंच झाली की बाजूची मार्जिनं (सोडायची मोकळी जागा) वाढतात, आणि अरुंद प्लॉटवर हक्काचा एफएसआयही बसत नाही. एखाद्या आर्किटेक्टकडून कच्चा आराखडा काढून घ्या.

बिल्डरची ऑफर आली की एकच विचारा: आकडा कार्पेटचा (भिंतींच्या आतला) आहे की बिल्टअपचा (भिंती धरून)? उत्तर लेखी घ्या.