काळी दोन धर की!

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातल्या एका गावात सप्ताह होता. मी एकोणीस वर्षांची, संगीताची मध्यमा परीक्षा पूर्ण झालेली, प्रमाणपत्र लॅमिनेट करून भिंतीला लावलेलं. भजनी मंडळाचा नेहमीचा पेटीवाला, म्हणजे हार्मोनियम वाजवणारा, तापाने पडला होता, म्हणून मामांनी फुशारकीने मला पुढं केलं. "आमची भाची वाजवते की, परीक्षा दिल्यात तिनं." टाळकरी उभे राहिले, मृदंगाला कणीक लावून झाली, आणि बुवा माझ्याकडे न बघताच म्हणाले, "पोरी, काळी दोन धर की." म्हणजे सा दुसऱ्या काळ्या पट्टीवर धर.

आमच्या घरची पेटी स्केल चेंजरची. पट्टी (सा कुठे धरायचा ते) बदलायची म्हणजे वरचा पट्ट्यांचा पाट सरकवायचा, बोटं मात्र कायम पांढरी एकच्याच वाटेने जाणार. समोर होती ती मंडळाची साधी, जुनी पेटी. सरकवायला त्यात काहीच नव्हतं. काळी दोनवर सा धरला की रिषभ पांढरी चारवर येतो, गंधार पांढरी पाचवर, मध्यम काळी चारवर, पंचम काळी पाचवर. हे आज मी झोपेत सांगेन. त्या रात्री रूपाच्या अभंगात माझं बोट गंधाराऐवजी दर वेळी भलत्याच काळीवर पडत होतं आणि अख्खा मांडव ते ऐकत होता. दोन ओळी झाल्यावर बुवांनी गाता गाता हात पुढं केला, माझं बोट उचलून सा वर ठेवलं आणि हळूच म्हणाले, "एवढाच धरून ठेव." तासभर मी सा आणि पंचम धरून बसले. गौळण आली, भैरवी आली, मी आपली सा-पंचम. शेवटी नारळ, खण आणि तीनशे रुपये मिळाले. ते तीनशे घेताना हात जड झाला होता, हे खरं.

बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यातली पोरं-पोरी हल्ली मला फोन करतात: संगीतात काही करायचंय, कुठून सुरुवात करू? बहुतेकांना माझ्यासारखंच स्वतःच्या चाली करायच्या असतात. मला सहावीपासून तेच वेड. मराठीच्या पुस्तकातली एकही कविता मी सरळ पाठ केली नाही, प्रत्येकीला चाल लावली. परीक्षेत कविता लिहिताना ओठ हलायचे म्हणून बाईंनी एकदा बाहेर काढलं होतं. त्यामुळे फोनवर मी जे सांगते ते पोरांना आवडत नाही: आधी साथ करायला शिका. पेटी, तबला, मृदंग, जे हाताशी असेल ते. दुसऱ्याच्या गाण्यामागे दोन-तीन वर्षं बसा. चाली करायचं मी कुठल्याही वर्गात शिकले नाही. बुवांच्या, कीर्तनकारांच्या, नाटकवाल्यांच्या मागे बसून शिकले.

परीक्षांबद्दल थोडक्यात. अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा वर्षातून दोनदा होतात, एप्रिल-मे आणि नोव्हेंबर-डिसेंबर. प्रारंभिकपासून प्रवेशिका, मध्यमा, विशारद आणि मग अलंकार अशी चढण आहे. कर्नाटक सरकारच्या ज्युनियर, सीनियर, विद्वत या परीक्षा वेगळ्या. दोन्ही द्या असं काही लोक सांगतात. मी म्हणेन, इथल्या शाळेत संगीतशिक्षक व्हायचं असेल तर आधी जाहिराती वाचून कुठलं प्रमाणपत्र मागतात ते बघा, मगच फी भरा. परीक्षेने रागांची शिस्त लागते, लिहायची सवय लागते, एवढं नक्की. बारा पट्ट्यांत वाजवता येतं का, हे मला तोवर एकाही परीक्षकाने विचारलं नव्हतं. बुवांनी पहिल्याच मिनिटाला विचारलं.

त्या सप्ताहानंतर मी काय केलं ते सांगते, कारण सगळ्यात कामाची गोष्ट तीच. स्केल चेंजरचा पाट मी एका जागी ठेवला आणि वर चिकटपट्टी मारली. रोज एक पट्टी. सोमवारी काळी एक, मंगळवारी पांढरी दोन. आधी नुसते सात स्वर, मग दहा थाट, मग तीनच अभंग. नवीन अभंग घ्यायचाच नाही, तेच तीन, पट्टी बदलून. पंधरा दिवस डोकं भणभणत होतं. आज्जी म्हणायची, "तेच तेच काय गं, झोप की आता." चार महिन्यांनी बोटांना कळायला लागलं की सा कुठेही असो, दोन स्वरांमधलं अंतर तेच असतं. एरवी ही गोष्ट कागदावर कळते आणि हातात येत नाही. बायकांना बहुधा काळी चार-पाचच्या आसपास, पुरुषांना पांढरी एक ते काळी दोन, हा साधारण हिशेब. पण बुवा मंडळी रात्री बाराला वेगळ्या पट्टीत असतात आणि पहाटे काकड्याला वेगळ्या. आवाज उतरला की कुणी सांगत नाही, नुसतं गायला लागतात. आपण ओळखायचं.

दुसरं शिक्षण गप्प बसण्याचं. गायक आलाप घेतोय आणि पेटीवाला त्याच्याबरोबर प्रत्येक स्वर कुरतडतोय, हे ऐकायला फार वाईट लागतं. पेटीत मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर सलग घसरत जाणं, निघत नाही. दरबारी रागाचा तो झुलणारा कोमल गंधार पेटीवर दाबला की ठोकळा होतो. म्हणून तिथे हात उचलायचा. ज्या वाद्यावर आकाशवाणीने १९४० मध्ये बंदी घातली आणि १९७१ पर्यंत साथीलाही घेतलं नाही, त्याची खोड ओळखूनच ते वाजवायला हवं. बंदी घालणाऱ्यांचं सगळंच चुकीचं होतं असं मला वाटत नाही. हे बोलले की आमच्या पेटीवाल्यांत भांडण होतं, होऊ दे.

आता दर फोनवर येणारा प्रश्न: बेळगाव सोडावं का?

आपल्याकडे नावं घ्यायची भारी हौस. कुमार गंधर्व आपल्या सुळेभावीचे. संगीत नाटकवाले अण्णासाहेब किर्लोस्कर १८४३ साली आपल्या जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरला जन्मले. दोन्ही खरं. पण कुमारजी अकरा-बारा वर्षांचे असताना मुंबईला देवधर मास्तरांकडे गाणं शिकायला गेले, आणि अण्णासाहेबांचं 'शाकुंतल' १८८० मध्ये रंगभूमीवर आलं ते पुण्यात. म्हणजे माती इथली, पीक बाहेर. याच्या उलट पेटीवाले पं. रामभाऊ विजापुरे. १९१७ मध्ये कागवाडला जन्म, पुढचं आयुष्य बेळगावात, २०१० मध्ये गेले तेही इथेच. मोठमोठ्या गवयांना साथ केली आणि कितीतरी जणांना पेटी शिकवली. बेळगावात पेटीचा कान आहे तो अशा माणसांमुळे. तेव्हा सोडावं की राहावं याचं एकच उत्तर नाही. मी राहिले, कारण बेळगावच्या वडगावात आमचे दोन यंत्रमाग आहेत आणि बाबांना माणूस लागतो.

राहून काय मिळतं तेही पाहा. धारवाड बसने दीड-दोन तास. मिरज रेल्वेने तीन तासांच्या आसपास. एकीकडे मल्लिकार्जुन मन्सूर, गंगूबाई हनगल, बसवराज राजगुरू यांचं धारवाड-हुबळी. दुसरीकडे अब्दुल करीम खाँसाहेबांचं आणि तंबोऱ्यांचं मिरज. पुण्या-मुंबईच्या पोरांना हे दोन्ही कान एका आठवड्यात मिळत नाहीत. माझा गुरुवार धारवाडला जातो. सर शिकवतात कानडीत, बंदिश हिंदीत, ओरडतात मराठीत. पहिल्या वर्षी मला कानडी फक्त भाजी घेण्यापुरतं येत होतं. आता वचनं आणि दासरपदं या कानडी भक्तिरचनांच्या साथीला बोलावतात, कारण शब्द कुठे तोडायचा ते कळतं. निम्मं काम मला त्यातूनच मिळतं. कानडी शिका, हे सांगताना आमच्याकडच्या काही वडीलधाऱ्यांचा चेहरा कसा होतो ते मला ठाऊक आहे. १ नोव्हेंबरला मी कुणाचंच काम घेत नाही. बेळगाव महाराष्ट्रात गेलं नाही म्हणून बाबांचा दंडावर काळी फीत बांधायचा दिवस, माझ्या कानडी मित्रांचा राज्योत्सव, म्हणजे कर्नाटकचा स्थापना दिन. मी त्या दिवशी दार लावून स्वरांचे पलटे घोकते. बाकी ३६४ दिवस ज्याचा सूर चांगला त्याच्यामागे बसते.

मिरजेला एकदा तरी जा, नुसतं बघायला. सतारमेकरांच्या गल्लीत एक कारागीर तंबोऱ्याची जवारी लावत होते, म्हणजे तारेची झणक जुळवत होते. घोडीवर कानस दोनदाच फिरवायची, तार लावायची, छेडायची, कान जवळ न्यायचा, परत तार सैल. असं पाऊण तास. मग तारेखाली दोरा एवढा-एवढासा सरकवला आणि एकदम त्या खोलीत गंधार ऐकू यायला लागला. तो स्वर कुणीही लावलेला नव्हता. मोबाईलवरच्या तंबोऱ्यावर मी चार वर्षं काढली होती, त्यात मला तो कधी ऐकू आला नव्हता. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. मिळालं ते चांगलंच, पण तो पाऊण तास बघितल्याशिवाय त्याचा अर्थ लागत नाही.

पदवीच करायची असेल तर धारवाडला कर्नाटक विद्यापीठात, कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठात संगीताची सोय आहे. पुण्याला विद्यापीठाचं ललित कला केंद्र आहे. मी बी.कॉम. केलं, त्याचा पश्चात्ताप नाही. मानधनाचा हिशेब आणि आयकर मलाच कळतो, आमच्या ग्रुपमध्ये बाकी सगळे कलावंत. केंद्र सरकारच्या संस्कृती मंत्रालयाची तरुण कलाकारांसाठी शिष्यवृत्ती आहे, वय १८ ते २५, महिना ५,००० रुपये, दोन वर्षं. मला ती कळली तेव्हा मी सव्वीस पूर्ण केली होती. तुम्ही एकोणीसचे असाल तर आजच शोधा.

पुण्यात एकदा रेकॉर्डिंगला गेले तेव्हा "मी जरा पाणी पिऊन येतो" म्हणाले आणि काचेपलीकडचे सगळे हसले. आमच्याकडे बायका 'येतो-जातो'च म्हणतात. दिवसभर मग मी 'येते-जाते' सांभाळत राहिले आणि त्या नादात दोन टेक घालवले. तिसऱ्या टेकच्या आधी ठरवलं, 'येतो' तर 'येतो'. बोलणं सांभाळायला गेलं की हात चुकतो.

चालींचं सांगायचं राहिलं. एका हौशी नाट्यमंडळाने एकांकिकेला पेटीवाली म्हणून बोलावलं. मूळ चाल नटाला झेपेना, पंचमाच्या वर त्याचा आवाज फाटायचा. साथीला बसलेलीला हे पहिल्यांदा कळतं. मी तिथेच अंतरा खाली आणला, सगळा मध्य सप्तकात. तीच चाल नाटकात राहिली. तेव्हापासून मी चाल कागदावर आधी करत नाही. गाणाऱ्याचा आवाज कुठे रुंद आहे ते शोधते आणि तिथे घर बांधते.

त्याच चालीचा मुखडा पुढे एका दुकानाच्या जाहिरातीत ऐकू आला. नाव नाही, विचारणं नाही, पैसे तर लांबच. माझ्याकडे पुरावा काय, तर नटाच्या मोबाईलवरची अर्धी क्लिप. तेव्हा हे लक्षात ठेवा. चाल जन्मली की कॉपीराइट तुमचाच असतो, नोंदणी सक्तीची नाही, पण तारीख दाखवता आली पाहिजे. नोटेशन लिहा, गाऊन रेकॉर्ड करा, स्वतःलाच ईमेल करा. काम देणाऱ्याशी दोन ओळींचा का होईना, लेखी करार करा. कॉपीराइट कायद्यातल्या २०१२ च्या दुरुस्तीनंतर गीतकार-संगीतकाराचा रॉयल्टीतला वाटा सहजासहजी काढून घेता येत नाही, म्हणून "सगळे हक्क कायमचे" असं लिहिलेल्या कागदावर घाईने सही नको. काम प्रसिद्ध झालं असेल तर आयपीआरएसचं, म्हणजे गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करणाऱ्या संस्थेचं, सभासद होता येतं. मी झाले. पहिला हप्ता दोन प्लेट भज्यांचा होता, पण त्यावर माझं नाव होतं.

घरी रेकॉर्डिंग करणाऱ्यांसाठी एवढंच: मोठा माईक घेण्याआधी शांत खोली शोधा. पेटीला माईक अगदी चिकटवू नका, भात्याचा श्वास आणि पट्ट्यांची टकटक स्वरांपेक्षा मोठी येते. हात-दीड हात लांब ठेवून बघा. आमच्या गल्लीत शांतता म्हणजे लाईट गेल्यावरच. माग चालू असले की जमीनच थरथरते, खिडक्या लावून उपयोग नाही. लाईट गेली की सगळे माग एकदम थांबतात. लॅपटॉपची बॅटरी दीड तास टिकते, माईकही त्याच्यावरच चालतो. त्यामुळे माझी बहुतेक रेकॉर्डिंग घामाघूम होऊन, पंख्याशिवाय झाली आहेत.

मंगळवारी दुरुस्तीसाठी सकाळी १० ते ४ वडगाव फीडर बंद, असं पेपरात आलंय. मृदंगवाल्याला निरोप गेलाय. बुवाही येतो म्हणालेत, पट्टी विचारली तर म्हणाले, "बघू की, त्या दिवशी आवाज कुठं बसतोय."