लिफ्टची सर्व्हिसिंग म्हणजे तपासणी नव्हे: सोसायट्यांनो, या चुका टाळा

दर महिन्याला कंपनीचा माणूस येतो, तेल-ग्रीस करतो, वहीवर सही घेतो आणि जातो. तेवढ्यावर बहुतेक कमिट्या निर्धास्त असतात. पण ही झाली देखभाल. सरकारी निरीक्षकाची तपासणी वेगळी, आणि ती वेळेवर होते की नाही हे पाहणे कंपनीचे नव्हे, मालकाचे काम. सोसायटीच्या इमारतीत मालक म्हणजे सोसायटी. उद्या काही विपरीत घडले तर 'आमची एएमसी (वार्षिक देखभाल करार) चालू होती' या उत्तराने कोणाचेही समाधान होणार नाही.

महाराष्ट्रात पूर्वी १९३९ चा मुंबई लिफ्ट कायदा होता. त्याच्या जागी लिफ्ट, सरकते जिने वगैरेंसाठी २०१७ चा कायदा आला. लिफ्ट बसवण्याआधी परवानगी, चालवण्याआधी परवाना, त्यानंतर ठरावीक मुदतीने निरीक्षण, आणि अपघात झाल्यास निरीक्षकाला खबर, हे सगळे मालकावर बंधनकारक आहे.

दाराचे लॉक 'डायरेक्ट' करणे

लिफ्ट कोसळेल अशी भीती सगळ्यांनाच वाटते. प्रत्यक्षात केबिन एकाहून अधिक वायर रोपांवर लटकलेली असते. खाली येताना वेग मर्यादेबाहेर गेलाच, तर गव्हर्नर या वेग-नियंत्रकामुळे सेफ्टी गिअर हा आणीबाणीचा ब्रेक लागतो आणि केबिन गाइड रेलला, म्हणजे ती ज्या रुळांवरून सरकते त्यांना, जखडली जाते. खरा घात दाराशी होतो.

प्रत्येक मजल्याच्या दाराला लॉक असते आणि त्यात एक इलेक्ट्रिकल कॉन्टॅक्ट असतो. सगळी दारे नीट बंद झाली तरच सर्किट पूर्ण होते आणि लिफ्ट हलते. हा कॉन्टॅक्ट झिजला किंवा त्यावर धूळ बसली की लिफ्ट अधूनमधून बंद पडू लागते. रहिवासी वैतागतात, सेक्रेटरीचा फोन जातो, मेकॅनिक घाईघाईत येतो आणि वायरचा तुकडा लावून तो कॉन्टॅक्ट डायरेक्ट करून टाकतो, म्हणजे दार बंद नसतानाही सर्किट पूर्णच राहते. लिफ्ट सुरू होते आणि तक्रार मिटते. पण आता त्या मजल्यावरचे दार उघडे असले तरी लिफ्ट चालते. त्या उघड्या दारातून एखादे मूल आत पाऊल टाकते, आणि समोर केबिनच नसते.

म्हणून 'लिफ्ट मध्येच थांबते' या तक्रारीवर काम झाले की मेकॅनिकला लगेच जाऊ देऊ नका. त्याच्याकडून दोन गोष्टी करून दाखवून घ्या. एक, दार उघडे ठेवून बटण दाबल्यावर लिफ्ट हलता कामा नये. दोन, लिफ्ट दुसऱ्याच कुठल्या मजल्यावर असताना इथले दार ओढले तरी उघडता कामा नये. हे प्रत्येक मजल्यावर पाहायचे. आणि नेमके काय बदलले, ते वहीत त्याच्याच हाताने लिहून घ्यायचे.

'जरा जपून पाय टाका'

केबिन मजल्याच्या वर-खाली थांबायला लागली की चिठ्ठी चिकटवली जाते आणि विषय संपतो. तो इथे संपत नाही. ब्रेकचे लायनिंग झिजलेले असू शकते, किंवा पुलीच्या खाचा झिजून रोप घसरत असतील. काउंटरवेट, म्हणजे रोपाच्या दुसऱ्या टोकाचे तोलाचे वजन, रिकाम्या केबिनपेक्षा मुद्दाम जड ठेवलेले असते, त्यामुळे ब्रेक सैल झाला तर रिकामी केबिन खाली न येता वर ओढली जाते. माणूस बाहेर पडत असताना केबिन वर सरकू लागली तर काय होईल, याचा विचार करा. लेव्हल बिघडली की लिफ्ट बंद ठेवायची. चार दिवस जिने चढावे लागले तरी चालतील.

अडकलेल्यांना स्वतःच बाहेर काढणे

मजल्याचे दार बाहेरून उघडणारी त्रिकोणी चावी वॉचमनच्या खोलीत खिळ्याला टांगलेली असणे ही मला सगळ्यात अस्वस्थ करणारी गोष्ट वाटते. लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकली तर केबिनच्या तळाखाली शाफ्टचा (लिफ्ट ज्या उभ्या पोकळीत फिरते तिचा) मोकळा भाग उघडा पडतो. आतला माणूस वरून उडी मारतो, तोल मागे जातो आणि तो थेट त्या पोकळीत पडतो. आत अडकलेला माणूस बहुधा सुरक्षित असतो. केबिन हवाबंद नसते. त्याच्याशी बोलत राहा, धीर द्या आणि प्रशिक्षित माणसाची वाट पाहा. अलार्म, आतला दिवा आणि वीज गेल्यावर जवळच्या मजल्यावर नेणारी एआरडी बॅटरीवर चालतात. ती बॅटरी उतरली तर ही सगळी सोय शोभेची ठरते. मेन स्विच बंद करून हे महिन्यातून एकदा, कंपनीचा माणूस हजर असताना, तपासा.

क्षमतेबद्दल थोडक्यात: आपल्याकडे माणशी ६८ किलो धरतात, म्हणजे ६ जणांची लिफ्ट ४०८ किलोंची. फ्लॅटच्या नूतनीकरणात टाइल्स आणि सिमेंटची पोती तिच्यातून नेऊ देऊ नका.

फाइल कोणाकडे आहे?

कमिटी बदलते आणि कागद जुन्या सेक्रेटरीच्या कपाटात राहतात. परवान्यावर अजून बिल्डरचेच नाव आहे का, शेवटचे निरीक्षण कधी झाले, विमा चालू आहे का, हे नव्या कमिटीने पहिल्याच बैठकीत पाहावे. निरीक्षकाने अहवालात शेरे लिहिले असतील तर त्यांची पूर्तता लेखी करावी. दोष कळवूनही तो तसाच राहिला, तर तोच अहवाल सोसायटीविरुद्धचा पुरावा ठरतो.

आणि दुर्दैवाने अपघात झालाच, तर जखमीला मदत मिळताच मेन स्विच बंद करून मशीन रूमला कुलूप लावा आणि निरीक्षकाला कळवा. त्यांनी पाहण्याआधी कंपनीला काहीही दुरुस्त करू देऊ नका.