घराजवळ पेट्रोल पंप येतोय? नियमात बसतो का ते असं बघा

मेन रोडला प्लॉटवर पंपाचा बोर्ड लागला की पहिलं काम म्हणजे त्याचा गट नंबर किंवा सर्व्हे नंबर मिळवा आणि महापालिकेत नाहीतर नगररचना ऑफिसात झोन दाखल्यासाठी अर्ज टाका, कारण डीपीत (शहराच्या विकास आराखड्यात) जागा कुठल्या झोनमध्ये दाखवलीय यावर बरंच ठरतं.

मग टेप काढा. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२० च्या गाइडलाइन्सनुसार नवीन पंप शाळा, १० किंवा जास्त बेडचं हॉस्पिटल आणि रहिवासी म्हणून ठरवलेला भाग यांच्यापासून ५० मीटर लांब हवा, अगदीच अडचण असेल तर पेसोच्या (पेट्रोलियम आणि स्फोटकांची सुरक्षा बघणारी केंद्राची संस्था) जादा सुरक्षा अटी पाळून कमी करता येतं पण ३० मीटरच्या आत कधीच नाही. हे अंतर पंपाच्या कंपाउंडपासून नाही मोजायचं! डिस्पेन्सिंग युनिट (गाडीत पेट्रोल भरायचं मशीन), फिल पॉइंट (टँकरमधून टाकीत पेट्रोल ओततात ती जागा), व्हेंट पाइप (टाकीतली वाफ बाहेर सोडणारा पाइप) यातलं जे जवळ असेल तिथून, सरळ रेषेत, रस्त्याने फिरून नाही. लोक इथेच चुकतात.

हरकत लेखीच द्या, पंपाची एनओसी (ना हरकत दाखला) निघायच्या आधी. जिल्हाधिकाऱ्यांकडे, पोलीस आयुक्तालय असेल तर तिकडे, सोबत नकाशा आणि फोटो लावा, पोच घेतल्याशिवाय निघू नका.