मेस लावण्याआधी: पुण्याला निघालेल्या भाच्यासाठी यादी

भाचा पुढच्या आठवड्यात सांगलीहून पुण्याला जातोय, इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला. बादली, गादी, कुलूप ही यादी ताईने केव्हाच करून टाकली. "खाण्याचं तू बघ, चार वर्षं काढलीस ना तिथे," म्हणून ती बाजू माझ्याकडे आली. त्याला जे पाठवलं तेच थोडं सावरून इथे टाकतोय.

पैसे भरण्याआधी दोन दिवस सुटं ताट घेऊन जेवून बघ. महाग पडतं, पडू दे. पण एक जेवण दुपारी साडेबाराला घे आणि एक रात्री साडेनऊला. साडेबाराला कुठलीही मेस चांगलीच असते. साडेनऊला आमटीत पाणी किती वाढलंय, पोळ्या चिवट झाल्यात का, भाजी तीच आहे की संपली म्हणून बटाटा आलाय, हे कळतं. सबमिशनच्या दिवसांत तू त्याच वेळेला पोचणार आहेस. (पेठेत चपाती मागितलीस तरी पोळीच येईल. वाद घालू नकोस.) अन्न परवान्याचा 14 आकडी क्रमांक भिंतीवर असायला हवा, तो आहे का बघ. मी मात्र हात धुवायच्या निमित्ताने मागे जाऊन भांडी कुठे घासतात तेही बघायचो.

मग गणित. महिन्याची मेस म्हणजे रोज दोन वेळा, 60 जेवणं, असं आपण धरून चालतो. पण रविवारी संध्याकाळी बहुतेक मेस बंद असतात, म्हणजे उरली 56. समजा महिन्याला 3,200 रुपये घेतात, तर ताट 57 रुपयांना पडलं. आता दोन शनिवार-रविवार तू घरी येणार, प्रॅक्टिकलमुळे तीन-चार दुपारी चुकणार, कुणाचा तरी वाढदिवस निघणार. जेवणं 40 वर आली की तेच ताट 80 चं होतं. म्हणून दराइतकीच चौकशी खाड्यांची कर. खाडा किती आधी सांगायचा? एका वेळेचा धरतात की सलग तीन-चार दिवस नसलास तरच? पैसे वजा होतात की पुढे दिवस वाढवून मिळतात? कूपन असतील तर त्यांची मुदत किती? तोंडी "होऽ, करू की ॲडजस्ट" याला काही अर्थ नाही. कार्डावर लिहून घे आणि कार्डाचा फोटो काढून ठेव.

सत्राचे पैसे एकदम देऊ नकोस, दोन-चारशे रुपयांची सूट दाखवली तरी. मार्च 2020 मध्ये आठवडाभरात होस्टेलं रिकामी झाली आणि आगाऊ भरलेल्या पैशांसाठी पोरांना महिनोन्महिने फोन करावे लागले. होस्टेलचीच मेस सक्तीची असेल तर तिथे निवड नाही, पण मेस कमिटी असते. तिच्या पहिल्या मीटिंगला जा. मेनू तिथे ठरतो आणि नंतर कुरकुर करणारे तिथे कधीच हजर नसतात.

तुझ्या बरोबरच्या ज्या मुलाला सरकारी वसतिगृहात प्रवेश मिळाला नसेल आणि तो अनुसूचित जातीचा असेल, त्याला स्वाधार योजनेचं विचारायला सांग. पुण्यासारख्या शहरासाठी वर्षाला 60,000 रुपये, त्यातले 32,000 जेवणाचे. आदिवासी मुलांसाठी तशीच स्वयं योजना आहे. पैसे उशिरा जमा होण्याची तक्रार जुनीच आहे, तेव्हा एक-दोन महिने थांबणारा मेसवाला गाठायला लागतो. असे मेसवाले पुण्यात आहेत.

आता खरी गोष्ट. मेस तुझी दोन वेळची भूक भागवते, पण खिसा मोकळा होतो तो मधल्या दोन वेळांत: संध्याकाळी चार ते सहा आणि रात्री अकरा ते एक. त्या वेळी कॅन्टीनमध्ये समोसा, गेटवर वडापाव, टपरीवर चहा-क्रीमरोल आणि होस्टेलवर मॅगी एवढंच असतं. कॉलेजात जंक फूड विकू नका असं यूजीसीने 2016 मध्ये कळवलं, 2018 मध्ये पुन्हा कळवलं. समोशाला पत्र पोचलेलं दिसत नाही. तू खाऊच नकोस असं मी म्हणणार नाही, टपरीवर झालेल्या ओळखी मला अजून पुरतात. पण रोजचे 30 रुपये म्हणजे महिन्याचे 900, आणि क्यूआर कोडने दिलेले 30 रुपये दिल्यासारखे वाटतच नाहीत. आठवड्याचे दोनशे रुपये रोख वेगळे ठेव. ते संपले की टपरीवर गप्पा मारायला जा, खायला नको.

त्या दोन वेळांसाठी खोलीत काय ठेवायचं ते नीट वाच. भाजके शेंगदाणे आणि फुटाणे एक-एक किलो. मूठभर, म्हणजे साधारण 30 ग्रॅम शेंगदाण्यांत सात ग्रॅम प्रथिनं असतात, एका अंड्यापेक्षा थोडी जास्तच. मेसच्या पातळ वरणाची भरपाई तिथून होते. गूळ. राजगिऱ्याचे लाडू. केळी दोन दिवसांची, जास्त नकोत. भडंग आपल्याकडचं घेऊन जा, पण एका पिशवीत नको. ऑगस्टच्या पुण्यात सकाळी फोडलेली पिशवी रात्री सादळते. पाव-पाव किलोच्या पिशव्या कर. दशम्या दोन दिवसांपुरत्याच, शेंगदाण्याची चटणी मात्र महिन्याची. बेचव भाजीला तीच तारते. किटली चालते का ते रेक्टरना आधी विचार. बऱ्याच ठिकाणी नाही चालत आणि जप्त होते.

चहा जेवणाला चिकटून पिऊ नकोस. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या 2024 च्या मार्गदर्शिकेत जेवणाआधी आणि नंतर तासभर चहा-कॉफी टाळायला सांगितलंय, कारण अन्नातलं लोह अंगी लागत नाही. माझ्या वर्गातले निम्मे जण जेवून थेट टपरीवर जायचे. मीही होतो त्यात.

रविवार संध्याकाळचं आधीच ठरवून ठेव. पहिल्या महिन्यात सगळे हॉटेलात जातात, दुसऱ्या महिन्यात सगळ्यांकडे पैसे नसतात. आम्ही चौघं भुर्जीपाव वाटून घ्यायचो. चुरमुरे, कांदा, शेंगदाणे, तेल-तिखट एवढ्यावरही भागतं. त्यासाठी एक सुरी आणि एक मोठं पातेलं लागेल, ताईच्या यादीत ते नाहीये.

आजारी पडलास तर मेसमध्ये मऊ भात किंवा खिचडी करून देतात का, आणि खोलीमित्राच्या हाती डबा देतात का, हेही पहिल्याच दिवशी विचारून ठेव. तापात फणफणत असताना विचारणं होत नाही.

आणि घट्ट झाकणाचे स्टीलचे तीन डबे. तिन्हींवर नाव कोरून घे, मार्करने लिहू नकोस. लाडू पहिल्या रात्रीच जातील, त्याची तयारी ठेव. आईला फोन करून दोन डबे जास्त भरायला सांग, एक खोलीतल्यांसाठी.