मृग लागायच्या आत ऑर्किडच्या मुळांतला मॉसचा गोळा काढा

लग्नसराई संपली की सजावटीतल्या फॅलेनोप्सिस या ऑर्किडच्या कुंड्या हॉलच्या मागच्या बाजूला टाकलेल्या असतात. रोपवाटिकाही फुलं गळालेली रोपं पडत्या भावात काढतात. अशी रोपं उचलून घरी आणली असतील, तर 7 जूनच्या आत एक काम उरकून घ्या. रोप कुंडीतून उपसा आणि मुळांच्या मधोमध बोटं घालून बघा. तिथे मॉसचा, म्हणजे शेवाळासारख्या वनस्पतीचा, घट्ट, ओला गोळा सापडेल. बऱ्याचदा त्याभोवती रोप लहान असतानाची प्लास्टिकची जाळी किंवा पेलाही तसाच राहिलेला असतो.

दरवर्षी रोपं मरताना बघतो ती या गोळ्यापायी. लोक कुंडी बदलतात, नवा कोळसा घालतात, खत देतात, पण हा गोळा तसाच ठेवतात. वरचा कोळसा कोरडा दिसतो आणि आतला गोळा आठ-आठ दिवस चिंब राहतो. या मुळांना झाडाच्या सालीवर उघड्या हवेत राहायची सवय. त्यांच्यावरचं पांढरं, स्पंजासारखं आवरण पाणी शोषतं आणि लगेच वाळतं. ते वाळलं नाही की मूळ गुदमरून कुजतं. मुळं गेली की पानांना पाणी पोचत नाही, पानं सुरकुततात आणि घरची मंडळी तहान लागली समजून आणखी पाणी ओततात. पान सुरकुतलं की आधी मूळ बघा, झारीला हात नंतर लावा. पावसाळ्यात हवाच ओली असते. मे महिन्यात कसंबसं तगलेलं रोप आषाढात देठापासून सुटून हातात येतं.

गोळा असा काढा. रोप पंधरा मिनिटं पाण्यात ठेवा, म्हणजे मुळं लवचीक होतात. प्लास्टिक कात्रीने कापा, ओढू नका. मॉस मधून बाहेर चिमटीचिमटीने काढा, घाई केली तर चांगली मुळं तुटतील. मग प्रत्येक मूळ दाबून बघा. कडक लागलं तर रंग तपकिरी असला तरी ठेवा. पचपचीत लागलं, किंवा वरचं आवरण सुटून आत नुसती तार राहिली, तर तिथवर कापा. पातं प्रत्येक रोपाआधी ज्योतीवर तापवून घ्या. ऑर्किडचे विषाणूजन्य रोग कात्रीवाटे पसरतात आणि त्यांवर औषध नाही.

पुढची कामं:
– मॅन्कोझेब हे बुरशीनाशक 2 ग्रॅम प्रति लिटर पाण्यात मुळं दहा मिनिटं बुडवा. हातमोजे घाला.
– रोप रात्रभर सावलीत उघडं ठेवा.
– मुळं जेमतेम मावतील एवढीच, बाजूलाही भोकं असलेली मातीची कुंडी घ्या.
– लोणारी कोळसा, कौलाचे तुकडे आणि थोडे नारळाच्या सोडणाचे तुकडे भरा. सोडण आधी चार दिवस भिजवा, पाणी रोज बदला.
– माती, कोकोपीटचा भुसा, शेणखत घालू नका.
– रोप काठीला बांधा. हलतं रोप मूळ धरत नाही.
– पहिलं पाणी तीन दिवसांनी.
– नवं मूळ दिसेपर्यंत खत बंद. मग 19:19:19 हे विद्राव्य खत अर्धा ग्रॅम प्रति लिटर, आठवड्यातून एकदा.
– फॅलेनोप्सिसला 75 टक्के सावली, डेंड्रोबियम या दुसऱ्या ऑर्किडला 50 टक्के.

कापलेल्या जागेवर मी दालचिनीची पूड लावतो. शिफारशीत ती नाही, पण जखम लवकर सुकते असं मला दिसलं आहे. मुळांच्या बाकी भागावर मात्र टाकू नका, तीही वाळतात. डेंड्रोबियमवर तांबेयुक्त औषध टाळा, पानं करपतात.

दुकानात ‘ऑर्किड स्पेशल’ टॉनिक, मुळं फुटायचं संजीवक, परदेशी सालीचं पाकीट गळ्यात मारतील. मुळं कुजलेल्या रोपाला यातलं काहीच शोषता येत नाही. ते पैसे वाचवा, कोळसा आणि कौलाचे तुकडे जवळपास फुकट मिळतात.

एकही मूळ उरलं नसेल तरी रोप फेकू नका. कोकणात पावसाळ्यात ते कुंडीविना, पडवीत वाऱ्याला टांगून ठेवा, हवेतली ओल पुरते. देशावर आणि मराठवाड्यात पारदर्शक पिशवीत तळाला जरा ओलं मॉस ठेवा, रोपाला ते टेकू देऊ नका. पिशवी सावलीत ठेवून रोज थोडा वेळ उघडा. नवं मूळ फुटायला महिने लागतात, मध्ये उकरून बघू नका.

पागोळ्यांखाली कुंडी ठेवू नका. फॅलेनोप्सिसच्या पोंग्यात रात्रभर पाणी राहिलं की पोंगा कुजतो. कुंडी तिरकी टांगा, साठलेलं पाणी कापसाने टिपा. पान बुडापासून काळं पडत चाललं तर निरोगी भागापर्यंत कापून मेटॅलॅक्सिल 8 टक्के अधिक मॅन्कोझेब 64 टक्के हे मिश्रण 2 ग्रॅम प्रति लिटर फवारा. पान पाणचट होऊन घाण वास आला तर ती जिवाणूंची कूज, बुरशीनाशक वाया जाईल. कापा आणि रोप कोरडं ठेवा. गोगलगायी रात्री हिरवी मूळटोकं खातात, बॅटरी घेऊन वेचा.

वादळात पडलेल्या फांदीवर सीतेची वेणी किंवा रास्ना ही रानातली ऑर्किडं दिसली तर बांडगूळ म्हणून ओरबाडू नका. ती झाडाचा रस पीत नाहीत, नुसती सालीला धरून असतात. राखीव वनातलं काही उचलू नका, तो गुन्हा आहे. आपल्या परसातल्या किंवा बांधावरच्या फांदीचा तुकडा मात्र मुळांसकट करवतीने कापा. मुळं सालीवरून सोडवलीत तर तुटतात. तुकडा दुसऱ्या आंब्यावर सुंभाने पक्का बांधा, मॉस किंवा सोडण भोवती गुंडाळू नका, आणि पूर्वी पानं ज्या बाजूला होती ती बाजू तशीच राहू द्या.