जुनं विंडोज वापरताय? प्रायव्हसीसाठी अपडेट बंद करू नका, या चुका टाळा

विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, तरी घरी, दुकानात, क्लासमध्ये त्याच मशीनवर कामं चालू आहेत. "कंपनी आपली माहिती गोळा करते, म्हणून मी अपडेटच बंद करून टाकलंय," असं सांगणारे बरेच भेटतात. तक्रार खरी आहे, पण इलाज चुकीच्या जागी केलाय. माहिती पाठवणं आणि सुरक्षेची भोकं बुजवणं यांच्या सेटिंग्ज वेगवेगळ्या आहेत.

अपडेट सर्व्हिस डिसेबल करणं

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारं २०१७ चं वॉनाक्राय आठवा. ज्या त्रुटीतून ते पसरलं तिचा पॅच, म्हणजे ती बुजवणारं अपडेट, १४ मार्चला आला होता आणि हल्ला झाला १२ मेला. त्यात सापडलेली बहुतेक मशीनं विंडोज ७ ची होती. पॅच होता, फक्त टाकलेला नव्हता.

तेव्हा सर्व्हिसेसमध्ये जाऊन 'विंडोज अपडेट' पुन्हा मॅन्युअलवर आणा. मग सेटिंग्ज → प्रायव्हसी → डायग्नोस्टिक्स अँड फीडबॅक उघडून 'रिक्वायर्ड' निवडा आणि 'टेलर्ड एक्स्पीरियन्सेस' बंद करा. होम आणि प्रो आवृत्तीत माहिती पाठवणं पूर्ण बंद होत नाही. तेवढी तडजोड करावी लागते, आणि माझ्या मते ती करावी.

केबी नंबरांच्या जुन्या याद्या

केबी म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या प्रत्येक अपडेटचा नंबर. 'हे हे अपडेट लपवा' अशा विंडोज ७ च्या याद्या अजून फिरतात. ऑक्टोबर २०१६ पासून मायक्रोसॉफ्टने सुटे पॅच थांबवून महिन्याचा एकच गठ्ठा द्यायला सुरुवात केली, तिथेच त्या निकामी झाल्या. फक्त सुरक्षेचा वेगळा गठ्ठा मायक्रोसॉफ्टच्या अपडेट कॅटलॉग साइटवरून उतरवता यायचा. पण जुलै २०१९ मध्ये त्यातही 'कंपॅटिबिलिटी अप्रेझर', म्हणजे मशीन नव्या विंडोजला चालेल का ते तपासून माहिती पाठवणारा भाग, घुसवला गेला. हे सरळसरळ चुकीचं होतं, लोकांचा विश्वास अशानेच उडतो. तरी पॅच काढू नका. टास्क शेड्युलरमध्ये 'ॲप्लिकेशन एक्स्पीरियन्स'खाली अप्रेझरचं टास्क सापडतं, तेवढं डिसेबल करा.

होस्ट्स फाइल भरून टाकणारी टूल्स

अपडेट सारखं फेल होतंय, विंडोजचा अँटीव्हायरस डिफेंडर 'होस्ट्स फाइल हायजॅक' असा इशारा देतोय? मग एखाद्या 'प्रायव्हसी क्लीनर'ने होस्ट्स फाइलमध्ये, म्हणजे कुठला वेब पत्ता कुठे जोडायचा हे सांगणाऱ्या फाइलमध्ये, मायक्रोसॉफ्टचे पत्ते ब्लॉक केलेत का, ते आधी बघा. नोटपॅड ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून चालवा आणि विंडोज → सिस्टम३२ → ड्रायव्हर्स → ईटीसी या फोल्डरातली होस्ट्स फाइल उघडा. तिला एक्स्टेन्शन नसतं, त्यामुळे 'ऑल फाइल्स' निवडल्याशिवाय ती दिसत नाही. मायक्रोसॉफ्टच्या पत्त्यांच्या ओळी काढा, सेव्ह करा, मशीन रीस्टार्ट करा.

अकाउंट नको म्हणून ईएसयू सोडणं

विंडोज १० साठी वाढीव सुरक्षा अपडेट (ईएसयू) १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत जाहीर झाली आहेत. मशीन २२एच२ आवृत्तीवर हवं. सेटिंग्जचा बॅकअप चालू ठेवलात तर ती फुकट, नाहीतर ३० डॉलर किंवा १००० मायक्रोसॉफ्ट रिवॉर्ड्स पॉइंट. नोंदणीला मायक्रोसॉफ्ट अकाउंट लागतं, म्हणून लोक नाक मुरडतात. फक्त याच कामासाठी वेगळं अकाउंट काढा. विंडोज बॅकअपमध्ये फोल्डरांचा पर्याय वेगळा असतो. डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स क्लाउडवर नको असतील तर तो बंद ठेवा.

विंडोज ७ ला मात्र आता असा आधार नाही. जुन्या टॅलीसाठी किंवा प्रिंटरसाठी ते मशीन ठेवायचंच असेल तर नेटची वायर काढून ठेवा आणि बँकेचं काम दुसरीकडे करा.